अजरख : नावात निळा, अंगात लाल

अजरख या ठशांनी छापलेल्या कापडाचं नाव म्हणजे 'आज रख', आजचा दिवस कापड तसंच ठेव, असं कच्छमध्ये गमतीनं सांगतात. कहाणी गोड आहे, पण मला पटतो तो अरबी 'अझरक' म्हणजे निळा हा अर्थ. नीळ हा या कापडाचा प्राणच आहे.

कारागीर आधी सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून पिवळसर करतात. मग लाकडी ठशांनी चुना-डिंकाची रेघ उमटवतात. तिथे रंग धरत नाही, म्हणून ती पांढरी राहते. काळा रंग गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आठवडाभराहून अधिक मुरवून होतो. लाल रंग तुरटीचा ठसा मारून नंतर मंजिष्ठेत किंवा अ‍ॅलिझरीनमध्ये उकळल्यावरच खुलतो. मध्ये निळीची बुडी, आणि धुणं तर किती वेळा!

या धुण्यापायीच कारागिरांचं धमडका गाव हललं. तिथली नदी आटत गेली, त्यात 2001चा भूकंप झाला. मग अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं.

बाजारात स्क्रीन प्रिंटही 'अजरख' म्हणून सर्रास विकतात. ठशांचे सांधे तपासा: सगळे यंत्रासारखे तंतोतंत जुळत असतील, तर हातठशाची किंमत मोजू नका.