कासवाला माती देण्याआधी

सकाळी दाणे टाकायला जावं तर काचेच्या टाकीत कासव निपचित पडलेलं असतं. मान बाहेर लोंबते, पाय सैल, डोळे मिटलेले. मुलं रडवेली होतात आणि मोठ्यांपुढे प्रश्न पडतो, आता याचं करायचं काय? रोह्याला लागून असलेल्या वरसे गावासारख्या ठिकाणी पहिला सल्ला ठरलेला असतो : कुंडलिका जवळच आहे, नदीत सोडून द्या. सल्ला देणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण सल्ला चुकीचा असतो. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत काय करायचं ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घरात पाळलेले सरपटणारे प्राणी मात्र आपल्याला नवे आहेत, म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

सगळ्यात आधी, ते खरंच मेलं आहे का? हा प्रश्न वेडगळ नाही. कासवाचं शरीर प्राणवायूशिवाय जितका काळ तग धरतं, तितका काळ फुप्फुसाने श्वास घेणारा दुसरा क्वचितच कुठला प्राणी धरत असेल. उत्तर अमेरिकेतलं ‘पेंटेड टर्टल’ हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या तळाशी, जवळजवळ शून्य अंशाच्या पाण्यात, श्वास न घेता तीन महिन्यांहून अधिक काळ जिवंत राहतं. प्राणवायू नसताना शरीरात लॅक्टिक आम्ल साचत जातं. माणूस त्यानेच संपला असता. कासव मात्र आपल्या कवचातले कॅल्शियमचे क्षार रक्तात सोडून ते आम्ल शमवतं, काही आम्ल कवचातच साठवूनही ठेवतं. कवच म्हणजे नुसतं चिलखत नव्हे, संकटात उपयोगी पडणारं औषधाचं कोठारही आहे. आपल्याकडच्या दुकानांत ‘फेंगशुई कासव’ म्हणून विकलं जाणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर याच कुळातलं. ते इतकं टोकाचं सोसत नसलं, तरी गारठलेलं किंवा आजारी स्लायडर तासन्‌तास हालचाल करत नाही, श्वासही जाणवू देत नाही.

उलट बाजूही आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय मेंदू बंद पडल्यावरही कितीतरी वेळ धडधडत राहू शकतं. म्हणून पशुवैद्य एका खुणेवर विसंबत नाहीत. डोळ्याला स्पर्श करून प्रतिसाद पाहतात, डॉप्लर यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकतात आणि काही तासांनी पुन्हा तपासतात. घरच्या घरी करण्याजोगी गोष्ट एकच : कासव पाण्याबाहेर काढून सावलीत कोरड्या कापडावर ठेवावं आणि दिवसभर थांबावं. डोळे खोल गेले, अंग ताठरून पुन्हा सैल पडलं, वास येऊ लागला की शंका उरत नाही. कोकणातल्या उष्म्यात हे कळायला फार वेळ लागत नाही. ‘नक्की होऊ दे’ म्हणून फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. जीव शिल्लक असेल तर ती क्रूर शिक्षा ठरते.

दुसरा प्रश्न, कासव कुठल्या जातीचं होतं? स्लायडर मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं चांदणी कासव मात्र भारतीय, आणि आपल्या तळ्या-ओढ्यांत सापडणारी, पाय झाकायला झडपा असलेली कासवंही भारतीयच. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरात ठेवणं हाच गुन्हा आहे आणि मेल्यानंतर कवच दिवाणखान्यात मांडणं हाही. कायद्याच्या 39व्या कलमानुसार मृत वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता असते. तो ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. रोह्यात वनविभागाचं कार्यालय आहे, 1926 हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. परदेशी इग्वाना किंवा बॉल पायथन पाळले असतील तर त्यांची नोंद 2024च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, त्यांच्या मृत्यूचीसुद्धा.

एवढी कडक तरतूद का, असं वाटेल. कारण मेलेल्या प्राण्यालाही बाजार आहे. घोरपडीचे जननेंद्रिय सुकवून ‘हत्थाजोडी’ नावाची चमत्कारी मुळी म्हणून विकतात. ‘आमच्याकडे नैसर्गिकरीत्या मेलं होतं’ ही सबब मान्य झाली, तर प्रत्येक शिकारी तीच देईल. म्हणूनच वनविभाग अशा प्राण्यांचे अवशेष अनेकदा जाळून पूर्ण नष्ट करतो.

टाकीत आणखी कासवं असतील तर शवविच्छेदनाचा विचार जरूर करा. पाणी, आहार, संसर्ग, नेमकं काय बिघडलं ते कळलं तर उरलेली वाचतात. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. आधी स्थानिक पशुवैद्यांशी बोला, नमुना कुठे पाठवायचा ते तेच सांगतील. तोवर देह बर्फाजवळ गार ठेवायचा, गोठवायचा नाही. गोठताना पेशींतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू सहज असतात. मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आता माती. स्लायडरसाठी पुरणं हाच मला सर्वांत योग्य मार्ग वाटतो. खड्डा दोन-तीन फूट खोल हवा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, पुराचं पाणी चढणार नाही अशा उंच जागी. रायगडात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैमध्ये सखल जागी फूटभर खणलं तरी पाणी लागतं आणि कुंडलिका इशारा पातळी ओलांडते ते वेगळंच. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत हवा न पोचल्याने देह कुजत नाही, नुसता नासतो. सुती कापड किंवा वर्तमानपत्र पुरे. वर दगड रचले की कुत्री उकरत नाहीत. मूठभर मीठ किंवा चुना टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मीठ देहातलं पाणी शोषतं आणि जिवाणूंना रोखतं, चुनाही कुजणं लांबवतो. लवकर माती व्हायला हवी असेल तर दोन्ही नकोत. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत पुढे हाडंही हळूहळू विरतात.

उपचारांत औषधं दिली असतील, तर देह उघड्यावर टाकण्याचा विचारही नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने काय झालं, ते गिधाडांच्या संवर्धनाचं काम पाहिलेल्या म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या लोकांना विचारा. त्या औषधाचा अंश असलेले मृतदेह खाऊन भारतातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. नदीत सोडलेला देहही तसाच धोक्याचा. रानाव्हायरससारखे विषाणू कासवांना होतात आणि बेडकांनाही, परदेशी प्राण्याचा रोग आपल्या पाण्यात कशाला सोडायचा?

कवचाचा मोह मला समजतो. बरगड्या आणि पाठीचा कणा एकमेकांत मिसळून बनलेली ही सुमारे 50 हाडांची रचना सुंदरच आहे. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचे निसर्ग अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांना आत्याच्या मृत्यूनंतर, 1780 मध्ये, तिचं ‘टिमोथी’ नावाचं कासव मिळालं. व्हाइट 1793 मध्ये वारले, टिमोथी पुढच्या वर्षी. त्याचं कवच आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ते तपासल्यावर कळलं, की सगळ्यांनी जन्मभर नर समजलेला टिमोथी मादी होती! जपलेले अवशेष असं काही शिकवतात, पण त्यासाठी तारीख, ठिकाण, आहार, वय यांच्या नोंदी हव्यात. घरच्या शोकेसमधल्या, नोंदीविना ठेवलेल्या कवचातून कुणी काही शिकत नाही.

म्हणून कासव गेलं तर त्याचे वरून, खालून आणि बाजूने फोटो काढा, केव्हा आणलं, काय खायचं, किती जगलं ते लिहून ठेवा. जात देशी वाटली किंवा ओळखता आली नाही, तर 1926 वर फोन करा. स्लायडरच असेल तर त्याला खोल माती द्या, आणि त्याच्या जागी दुसरं विकत आणू नका.