अब्दुर्रहमान

साऱ्या बुलढाणा जिल्ह्याला सैलानीची होळीची यात्रा ठाऊक असते. पिंपळगाव सराईच्या सैलानीबाबांचं मूळ नाव अब्दुर्रहमान, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अरबीत ‘अब्द’ म्हणजे दास, ‘रहमान’ म्हणजे परमदयाळू. या दोहोंच्या मध्ये येणाऱ्या ‘अल’ या उपपदाचा ‘ल’ पुढच्या ‘र’मध्ये मिसळतो, म्हणून ‘अब्दुर’. आपल्याकडे सर्रास ‘अब्दुल रहमान’ लिहितात, आणि नुसती ‘अब्दुल’ अशी हाक तर अर्धीच : दास खरा, पण कुणाचा? अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वांत प्रिय नावं, असं हदीसमध्ये आहे. इ.स. ७५६ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोबात उमय्या घराण्याचं राज्य उभारणारा शासकही अब्दुर्रहमान नावाचाच. १९८० ते ८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले ए. आर. अंतुलेही अब्दुल रहमानच.