हडळीला भ्यायचं की बिनोदिनीला?

आषाढात इगतपुरीला दुपारी तीन वाजता घरात दिवे लावावे लागतात. धुकं खिडकीतून थेट स्वयंपाकघरात येतं, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. अशाच एका दुपारी आमची भिशी होती. जिच्याकडे होती तिच्या मुलानं पुण्याहून येऊन घरच्या टीव्हीवर नेटफ्लिक्स लावून दिलेलं. पैसे मोजून झाले, चिठ्ठी निघाली, कांदाभजी झाली. बाहेर पाऊस असा की कुणी उठेना. तेव्हा तिची सून म्हणाली, ‘काकू, एक सिनेमा लावते. हडळीचा आहे. पण घाबरायचं नाही हं!’

सिनेमा होता ‘बुलबुल’. २०२० सालच्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या काळात तो आला होता. अन्विता दत्त या बाईंनीच लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. जेमतेम दीड तासाचा. आम्ही अकरा जणी होतो. मध्ये दोनदा लाइट गेली, पण एकही जण घरी गेली नाही, यातच सगळं आलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (शेवट कळला म्हणून रागावू नका.) गोष्ट बंगालमधली, १८८१ सालात सुरू होणारी. बुलबुल नावाच्या चिमुरडीचं एका मोठ्या ठाकुराशी लग्न होतं. तिला वाटत असतं, आपल्या वयाचा सत्या हाच आपला नवरा. तो निघतो धाकटा दीर. लग्नाच्या दिवशी तिच्या पायात जोडवी घालतात, तेव्हा ती विचारते की ही कशाला? वडीलधारी बाई जे उत्तर देते त्याचा अर्थ एवढाच, की पोरगी उडून जाऊ नये म्हणून. पुढे बुलबुल मोठी होते, सत्याशी तिची मैत्री जमते, दोघं मिळून गोष्टी लिहितात. सत्या शिकायला लंडनला जातो. नवऱ्याच्या डोक्यात संशय घुसतो आणि तो तिचे पाय लोखंडी सळईनं फोडतो. पाय बांधलेल्या अवस्थेत ती अंथरुणावर पडलेली असताना नवऱ्याचा जुळा भाऊ तिच्यावर अत्याचार करतो. तो मनानं लहानच राहिलेला. त्यात तिचा जीव जातो. पण त्या रात्री आभाळात लाल चंद्र असतो आणि देवीच्या कृपेनं ती पुन्हा उठते. पाय उलटे झालेले. मग गावात बायकापोरींना छळणारे पुरुष एकेक करून मरायला लागतात.

तृप्ती डिमरीनं बुलबुलचं काम फार सुंदर केलंय. त्या पानाच्या विड्यामागचं आणि मोरपंखाच्या वाऱ्यामागचं तिचं हसू बघून अंगावर काटा येतो. राहुल बोसनं दोन्ही जुळे भाऊ केलेत.

सिनेमा संपला आणि आमच्यात जी चर्चा सुरू झाली ती पाऊस थांबला तरी थांबली नाही. ती तुम्हाला सांगावी म्हणून आज हा लेख.

सगळ्यात आधी सून बोलली. तिला सिनेमा प्रचंड आवडलेला. ‘काय मारलंय एकेकाला! असंच पाहिजे.’ तिच्याबरोबर दोघीतिघींनी मान डोलावली. खरं सांगते, मीही डोलावली. बायकोला मारणारा माणूस अंधाऱ्या जंगलातून जात असतो आणि झाडावर कुणीतरी बसलेलं असतं, तेव्हा आपण मनातल्या मनात म्हणतोच, ‘आता कळेल लेकाला!’ पेपरात रोज ज्या बातम्या वाचतो त्यांचा साठलेला राग असा दीड तासात मोकळा होतो.

आमच्या निवृत्त शिक्षिका काकूंना मात्र ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘आज नकोसा पुरुष मारलात, टाळ्या वाजवल्यात. उद्या न्याय करणारा चुकला तर? सिनेमातसुद्धा तो सत्या चुकतोच की. खुनी समजून भलत्याच्याच मागे लागतो.’ त्यांचं म्हणणं खरंच होतं. सत्या संशय घेतो तो डॉक्टर सुदीपवर, म्हणजे घरात बुलबुलशी माणुसकीनं वागणाऱ्या एकुलत्या एका पुरुषावर.

मग विषय निघाला नागपूरचा. तुम्हाला आठवत असेल, १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयाच्या इमारतीतच कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादव नावाच्या गुंडाला ठार केलं होतं. त्यानं वर्षानुवर्षं त्या वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केले होते, खंडण्या घेतल्या होते. तक्रारी करूनही काही होत नव्हतं. पुढे खटला चालला आणि २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. याच घटनेवर २०२१ मध्ये ‘२०० हल्ला हो’ हा सिनेमाही आला. त्यात आपली रिंकू राजगुरू आणि अमोल पालेकर आहेत.

‘म्हणजे हडळ लागतच नाही, साध्या बायाही पुरतात,’ सून म्हणाली. काकू म्हणाल्या, ‘पुरतात गं. पण त्यानंतर दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या कोणी चढल्या? त्याच बायांनी ना? आणि आधीच कुणी त्यांची तक्रार नीट ऐकली असती तर त्यांच्या हाताला रक्त लागलं असतं का?’ यावर कुणाला काही बोलता येईना.

आमच्यात एक जण दवाखान्यात नर्स आहे. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘मला ती हडळ लक्षातच राहिली नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते पाय आहेत.’ सिनेमात बुलबुल जिन्यावरून पडली असं घरचे सांगतात. डॉक्टरला जखमा बघून कळतं की हे पडून झालेलं नाही. नर्स म्हणाली, ‘आमच्याकडे रोज कुणी ना कुणी जिन्यावरून पडतं, मोरीत घसरतं, दारावर आपटतं. विचारलं बाईला, तर उत्तर देते सासू. बाई खाली बघते. ज्या घरातून येते त्या घराला जिनाच नसतो, हे आम्हाला माहीत असतं!’

सगळ्यात मोठा धक्का दिला तो मात्र आमच्या भिशीत नवीन आलेल्या एका बाईनं. ती जवळच्या पाड्यावरची. बचत गटामुळे माझी ओळख झाली, आता आमच्यात येते. ती म्हणाली, ‘ताई, ह्या सिनेमात बाई हडळ झाली की पुरुष तिला भितात. आमच्याकडं उलटं असतं. बाईला डाकीण म्हटलं की तिला कुणी भीत नाही, तिलाच मारतात.’

एकदम शांतता पसरली. ती सांगत होती ते काही ऐकीव नव्हतं. २०१४ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात दोन म्हाताऱ्या बायांना डाकीण ठरवून मारून टाकलं होतं. डाकीण कोणाला ठरवतात? जिच्या घरात पुरुषमाणूस नाही, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे, जी एकटी आहे, म्हातारी आहे, तिलाच. गावात पोर आजारी पडलं, म्हैस आटली, की बोट हिच्याकडे. सिनेमातली हडळ झाडावरून झाडावर उडते. ह्या बाईला उंबऱ्याबाहेर पडायची चोरी.

मैत्रिणींनो, याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी कितीतरी वर्षं घालवली तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं जाहीर करून तिला छळणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा आहे, पण पाड्यावरच्या त्या म्हातारीला तो कोण सांगणार? आपणच ना?

आता मी या लेखाचं नाव असं का ठेवलं ते सांगते. सिनेमात बिनोदिनी नावाची जाऊ आहे. पाओली दामनं ते काम केलंय. तिला स्वतःला त्या घरात काहीच मिळालेलं नाही. नवरा तसा, प्रेम चोरीचं. बुलबुलवर अत्याचार होतो त्यानंतर हीच बिनोदिनी तिच्या अंगावरचं रक्त पुसते, तिला सजवते आणि समजावत राहते की मोठ्या घरात अशा गोष्टी असायच्याच, गप्प राहायचं. गप्प राहिलीस तर दागिने मिळतील, रेशीम मिळेल, मान मिळेल.

मला सगळ्या सिनेमात भीती वाटली ती ह्या एका प्रसंगाची. कारण मी बिनोदिनी होते.

लग्न होऊन मी आले तेव्हा आम्ही चाळीत राहायचो. मधली भिंत एकेरी विटेची. पलीकडच्या घरातला माणूस बाहेर एकदम सज्जन, वाटेत भेटला तर हात जोडणारा. आठवड्यातून एक-दोनदा रात्री पलीकडून आवाज यायचा. आधी भांड्याचा, मग तिचा. माझी मुलं लहान होती. ‘आई, काकू का रडतात?’ म्हणून विचारायची. मी काय करायची? उठायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. सकाळी नळावर ती भेटली की मी तिच्या हाताकडे बघायची नाही. तीही पदर पुढे ओढून घ्यायची. ‘त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?’ असं घरातले म्हणायचे आणि मला ते सोयीचं वाटायचं. तेव्हा मी बी.ए. झालेली होते, महिला मंडळात भाषणं करत होते!

नंतर ती माहेरी निघून गेली, सुटली. खूप वर्षांनी घोटीच्या बाजारात अचानक भेटली. चेहरा भरला होता, हसली. मी म्हटलं, ‘मला फार वाईट वाटायचं गं तेव्हा.’ ती म्हणाली, ‘मला माहीत होतं वहिनी. तुमच्या टीव्हीचा आवाज वाढला की मला कळायचं, तुम्हाला ऐकू जातंय.’

तिनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणूनच ते अजून टोचतं.

हे मी भिशीत सांगितलं तेव्हा कुणी मला बोल लावला नाही. उलट एकेक जण स्वतःच्या भिंतींबद्दल बोलायला लागली. आणि मग काकूंनीच विचारलं, ‘पण आपण करायचं तरी काय? आपण काही हडळ नाही.’

तर ऐका. हडळ व्हायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. या कायद्यात तक्रार त्या बाईनंच केली पाहिजे असं नाही. जिला-ज्याला वाटतं की तिथं हिंसा होतेय, अशी कुणीही व्यक्ती, शेजारीणसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणारीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. त्या बाईला त्या घरात राहायचा हक्कही हा कायदा देतो, घर कुणाच्याही नावावर असो. मारहाण त्या क्षणी चालू असेल तर ११२ वर फोन करायचा. बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. हे आकडे फ्रीजवर, किराण्याच्या यादीशेजारी लिहून ठेवा.

आणि फोन करण्याआधीही एक गोष्ट करता येते. उठून दार वाजवायचं. ‘वहिनी, जरा वाटीभर साखर द्या,’ म्हणायचं. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे एवढं कळलं तरी पुष्कळदा उगारलेला हात खाली येतो. एकटीला भीती वाटत असेल तर शेजारच्या दोघींना घेऊन जायचं.

आमच्या गावात रेल्वेवाले पुष्कळ. कसाऱ्याहून घाट चढायचा असेल तर गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. बँकर म्हणतात त्यांना. गाडी दमदार असली तरी बहुतेकदा तो चढ तिला एकटीला झेपत नाही, आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही. बाईच्या बाबतीतच आपण म्हणतो, तिचं तिनं बघून घ्यावं.

सिनेमाच्या शेवटी बुलबुल आगीत जळते आणि वर्षभरानं त्या राखेतून पुन्हा येते. नवऱ्याच्या खोलीत. आमच्या सुनेनं त्यावर टाळी वाजवली. नर्स उठता उठता म्हणाली, ‘मेल्यावर आली ताकद. जिवंत असताना कुणी एकानं जरी विचारलं असतं ना, तर हा सिनेमा पंधरा मिनिटांत संपला असता.’

संपायला हवाच होता. पुढच्या भिशीला आम्ही सिनेमा बघणार नाही. एका पोलीस ताईंना बोलावलंय, आणि पाड्यावरच्या चौघीपाचजणी येणार आहेत. चिठ्ठी कुणाची निघेल माहीत नाही. पण या वेळी टीव्ही बंद असेल.