कढीपत्त्यावरची अळी: ऐकीव आणि पाहिलेलं

अंडं, अळी, कोष, फुलपाखरू ही बाणांनी जोडलेली चार चित्रं मुलांना तोंडपाठ असतात. पण कुंडीतल्या कढीपत्त्यावर खरी अळी दिसली की तीच मुलं ‘शी!’ म्हणून मागे सरतात. त्यात त्यांची चूक नाही. लिंबाळी फुलपाखराची लहान अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, आणि त्यामुळेच पक्ष्यांपासून वाचते. अळीपणातली शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते.

अळीला कुठलाही पाला चालतो, हा समज तिच्या जिवावर बेततो. लिंबाळीला लिंबू, कढीपत्ता अशी एकाच कुळातली झाडं लागतात. डबीत कोबीचं पान टाकलं तर ती उपाशी मरेल. त्यापेक्षा तिला झाडावरच राहू द्यावं. फवारणी मात्र नको.

‘हात लावू नको, खाज येईल!’ हे केसाळ सुरवंटांच्या बाबतीत खरं आहे, आणि ते बहुतेक पतंगांचे असतात. लिंबाळीची अळी डिवचली तर डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ते शिंग टोचत नाही.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे अळी स्वतःभोवती धाग्यांचं घर विणते. १९६९ साली आलेल्या एरिक कार्ल यांच्या जगप्रसिद्ध चित्रपुस्तकातल्या खादाड सुरवंटानेही तेच केलं. असं घर रेशीमकिड्यासारख्या पतंगांच्या अळ्या विणतात. लिंबाळीची अळी खाणं थांबवते, बरेचदा झाड सोडून जाते (अळी ‘हरवली’ असं वाटतं ते इथे), एक धागा कमरेभोवती घेऊन स्वतःला काडीला टांगते आणि कात टाकते. आतून निघतो तोच कोष. तिच्याजवळ बसलेल्या मुलाला हे आपोआप कळतं. पुढे निसर्गचित्रकार झालेल्या मारिया सिबिला मेरियन हिनेही १६६० मध्ये, तेराव्या वर्षी, रेशमाच्या अळ्या पाळून त्यांच्या अवस्था पाहिल्या. तेव्हा कीटक चिखलातून जन्मतात, असं मानणारे विद्वान युरोपात पुष्कळ होते.

कोषात झोप नसते. अळीचं बरंचसं शरीर विरघळतं, नवं घडतं; पंखांचे अंकुर तर अळीतच असतात. २००८ च्या एका प्रयोगात, अळी असताना टाळायला शिकवलेला वास पतंग झाल्यावरही काहींनी टाळला.

बाहेर पडताना मदतीची घाई नको. लोंबकळत राहून अंगातला द्रव पंखांत भरल्याशिवाय ते नीट उलगडत नाहीत. तेव्हा पडणारे रंगीत थेंब रक्ताचे नसतात; ती कोषात साठलेली घाण असते. आणि बाहेर आलेलं फुलपाखरू पुढे वाढत नाही, त्यामुळे छोटी फुलपाखरं म्हणजे मोठ्यांची पिल्लं नव्हेत.

कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात. मुलांपासून ते लपवू नये. अशा कोषाला बारीक गोल भोक असतं, फुलपाखराचा रिकामा कोष डोक्याकडे उकललेला असतो. हातात भिंग दिलं की फरक त्यांचा त्यांनाच सापडतो.