पावशेर मिरची, वर कढीपत्ता
लेखमाला : परदेशातून पुण्यात, भाग सहावा

"कृपया मला अडीचशे ग्रॅम हिरव्या मिरच्या द्याल का?"

मंडईतल्या एका गाळ्यापुढे उभ्या असलेल्या जपानी मुलीने हे वाक्य इतकं स्वच्छ उच्चारलं, की शेजारी दुधी निवडणारे आजोबा नख लावायचे थांबले. गाळ्यावरच्या बाईंना मात्र ते पटकन उमगलंच नाही. वाक्यात काही चुकलं नव्हतं, पण मंडईत असं कुणी बोलत नाही. "पावशेर का?" बाईंनी विचारलं. आता गोंधळायची पाळी मुलीची. तिच्या पुस्तकात किलो होता, ग्रॅम होता, शेर नव्हता.

कसा असणार? भारतात दशमान वजनं आली १ ऑक्टोबर १९५८ला आणि १९६२पासून ती सक्तीची झाली. जुना शेर साधारण ९३३ ग्रॅमचा. म्हणजे खरा पावशेर अडीचशे ग्रॅमही भरत नाही. पण तराजूतून गेलेला शेर जिभेवरून काही गेला नाही, आणि अडीचशे ग्रॅमलाच पावशेर म्हणायची वहिवाट पडली. त्यात पुन्हा आपले पाऊण, सव्वा, दीड, अडीच. साडेतीन आहे तर साडेदोन का नाही, असा प्रश्न मला एका परदेशी विद्यार्थ्याने विचारला होता. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

गेल्या आठवड्यात आपण कागदपत्रांची वाट चाललो होतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी, आणि ज्याच्या घरी परदेशी माणूस उतरेल त्या मालकाने २४ तासांत भरायचा फॉर्म. एवढं झालं की विद्यार्थी सरकारदरबारी पुण्यात पोचला. पुण्यातल्या माणसांपर्यंत पोचायला मात्र कुठला फॉर्म नाही. मग ती ओळख होते कुठे? माझं उत्तर: गिऱ्हाईक होण्यात. मंडई हा त्याचा उत्तम नमुना आहे.

जपानने हा प्रश्न कसा हाताळला ते आधी पाहू. १९८३मध्ये पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने एकविसावं शतक उजाडेपर्यंत एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचे ठरवलं. तो आकडा २००३मध्ये गाठला गेला. २००८मध्ये तीन लाखांचं लक्ष्य ठेवलं, ते २०१९मध्ये पुरं झालं. एवढी मुलं येणार म्हटल्यावर शहरांनाही तयारी करावी लागली. बहुतेक मोठ्या शहरांत आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीची एक संस्था असते. तिथे निवृत्त मंडळी आणि गृहिणी फावल्या वेळात मुलांना जपानी शिकवतात, कुणी त्यांना सणासुदीला घरी नेतं, जळणारा आणि न जळणारा कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत ठेवायचा ते समजावतं. हा शेवटचा धडा फार मोलाचा, कारण तिथे शेजाऱ्यांशी पहिला खटका बहुधा कचऱ्यावरूनच उडतो. सगळं आखीव, वेळेवर. त्याचा तोटाही तिथे राहून आलेले सांगतात: कार्यक्रम संपला की ओळखही पुष्कळदा तिथेच संपते.

पुण्यात असं काही आखलेलं नव्हतं. जे उभं राहिलं ते एका खिडकीतून. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देते आहे, असं त्यांना दिसलं. चौकशी केली तर आत मॉरिशसचा मुलगा काविळीने पडलेला, आणि त्याच्याच देशाची ती मुलगी त्याला जेवण पोचवत होती. मुलींना आत मज्जाव, म्हणून खिडकी. शहर विद्येचं माहेरघर, आणि आजारी मुलाला घास द्यायला त्याच्याच गावचं माणूस लागावं! त्या अस्वस्थतेतून १९७१मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र निघालं. नाव ठेवलं ते त्यांच्याच विषयातलं, सिंबायोसिस, म्हणजे सहजीवन.

त्याच्याही थोडं आधीपासून अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या छोट्या महाविद्यालयांचा एक संघ आपली मुलं पुण्याला धाडू लागला होता. ती मुलं मराठी शिकत आणि मराठी कुटुंबांत राहत. त्या संघातल्या कार्लटन कॉलेजात शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांचं नाव आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासामुळे आपल्याकडे सर्वपरिचित आहे. पुण्याशी त्यांचा संबंध जन्मभर राहिला. मॅक्सीन बर्नसन तर फलटणला गेल्या त्या तिथल्याच झाल्या. भारताचं नागरिकत्व घेतलं आणि मुलांसाठी शाळा काढली. अशी माणसं विरळाच, पण ज्या मुलांनी पुण्यातल्या एखाद्या घरात सहा महिने काढले त्यांना निदान भाजी आणायला तरी पाठवलं जायचंच. पिशवी हातात दिली की पाहुणेपण निम्मं संपतं.

आणि भाजी म्हटली की मंडई. ही वास्तू १८८६ची. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्या आठ बाजूंनी पसरलेले पंख. आधी बाजार भरायचा तो शनिवारवाड्यापुढच्या मैदानात, उघड्यावर. इंग्रजांनी छप्पर दिलं आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. विरोध करणाऱ्याचंच नाव वास्तूला लागलं, ही गोष्ट परदेशी मुलांना सांगितली की ती हमखास वहीत टिपून घेतात. घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला, तरी किरकोळ भाजीसाठी जुनं पुणं अजून इथेच येतं. राजकारणी गप्पांच्या अड्ड्यामुळे 'मंडई विद्यापीठ' हे नावही हिला पडलेलं आहे. प्रवेशअर्ज नसलेलं बहुधा शहरातलं हे एकच विद्यापीठ.

आता त्या मुलीकडे परत. मिरची तोलून झाली, पैसे दिले. बाईंनी वरून कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या आणि चिमूटभर कोथिंबीर पिशवीत टाकली. मुलगी घाबरली. "हे मी मागितलं नव्हतं," म्हणत तिने पुन्हा पाकीट उघडलं. बाईंनी हात झटकला, "ऱ्हाऊ दे गं."

खरं तर ही रीत तिच्या ओळखीची असायला हवी होती. जपानमधल्या जुन्या बाजारगल्ल्यांतले दुकानदारही नेहमीच्या गिऱ्हाइकाला वर काहीतरी घालतात. त्याला 'ओमाके' म्हणतात. पण सुपरमार्केटात वाढलेल्या पिढीला ओमाके माहीत असतो तो खाऊच्या पाकिटातल्या खेळण्यापुरता. आपल्याकडेही ॲपवरून भाजी मागवणाऱ्या घरातल्या मुलांना 'वरचा' कढीपत्ता म्हणजे काय ते सांगावंच लागेल. वर घातलेल्या डहाळीची किंमत नगण्य, पण तिच्यात एक अपेक्षा असते: उद्या माझ्याकडेच ये. देणारी आणि घेणारी दोघीही तेवढ्याने बांधल्या जातात. घासाघीसही याच हिशेबातली. पाच रुपये कमी करून मागणारा माणूस पुन्हा येणार असतो. मुकाट्याने पैसे टाकून जाणारा पर्यटक.

आणखी एक अडचण हाकेची. जपानीत अनोळखी बाईला 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू म्हणतात, दुकानदार तरुण गिऱ्हाइकाला 'ओनेसान', म्हणजे ताई. त्यामुळे अमेरिकन मुलापेक्षा जपानी मुलाला आपली नाती लवकर उमजतात. मग तो आपल्यालाच अडवतो. भाजीवाली मावशी असते, आत्या कधीच नसते, ते का? तिशीच्या बाईला मावशी म्हटलं तर ती का रागावते? (ताई म्हणावं. ताई कधीच चुकत नाही.) वर्गात घोकलेलं 'तुम्ही' इथे कामाला येतं ते एकाच बाजूने. बाई पहिल्या दिवशी 'काय देऊ ताई' म्हणतात आणि महिन्याभराने 'काय घेती गं?' या घसरणीत अपमान नाही, बढती आहे, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात लिहायचं?

मात्र मंडईचं हे चित्र आजच्या पुण्यात किती मुलांच्या वाट्याला येतं, अशी शंका मला आहे. कुटुंबात राहणारे थोडे. विद्यापीठांचे आवार शहराबाहेर, लवळ्याच्या टेकडीपर्यंत गेले. तिथे मेस आहे, दुकान आहे, सुरक्षारक्षक आहे. मिरची विकत घ्यायचं काही कारणच नाही. २९ सप्टेंबर २०२४पासून मेट्रो थेट मंडईखाली येऊन थांबते खरी, पण मुलं वर येतात ती तुळशीबागेसाठी आणि गणपतीत शारदा-गजाननाचे फोटो काढायला. फोटो काढून परत जाणाऱ्याला कुणी 'काल का नाही आलास' म्हणून विचारत नाही.

शिवाय मंडईतली माया सगळ्यांना एकसारखी मिळत नाही, हेही लिहायला हवं. गोऱ्या मुलाच्या मोडक्या मराठीचं कौतुक होतं. आफ्रिकेतून आलेल्या मुलाने तेच वाक्य अधिक शुद्ध म्हटलं तरी आधी त्याच्याकडे टक लावून बघतात, मग भाव सांगतात, आणि तो बऱ्याचदा चढा असतो. नेमाने येत राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत तिथलं वागणं बदलतं, असं या मुलांकडूनच मी ऐकलं आहे. भाजीवालीला रोज गिऱ्हाईक लागतं, म्हणून तिला पुन्हा पुन्हा बघावं लागतं. घरमालकाला एकदाच 'नाही' म्हणायचं असतं, तेही फोनवर, नाव ऐकूनच.

त्या 'नाही'बद्दल पुढच्या आठवड्यात.