थ्रॅश मेटल आणि पोवाड्याचा मुलूख

सावित्रीच्या खोऱ्यांतील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके म्हणजे पोवाड्याचा मुलूख होय. रायगड महाड तालुक्यांत, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपूर तालुक्यांत, आणि प्रतापगडाची वाट पोलादपुरावरूनच आंबेनळी घाट चढून जाते. अज्ञानदासानें गायिलेला अफझलखानाचा वध १६५९ सालचा. तुळशीदासानें गायिलेला सिंहगडचा प्रसंग १६७० सालचा. डफाचा कडकडाट, तुणतुण्याची अखंड धार आणि झीलकऱ्यांचा टिपेचा सूर यांनीं जेथें पिढ्यान्‌पिढ्या अंगावर रोमांच उभे राहिले, तेथील घरांत आज मोबाइलच्या द्वारें सगळ्या जगाचें संगीत येऊन पोहोंचलें आहे. कॉलेजांत जाणारा नातू कानांना यंत्र लावून मान हालवीत बसतो, आजोबा कुतूहलानें तें यंत्र आपल्या कानाशीं धरतात आणि तत्काळ दूर करून विचारतात, “अरे, हें गाणें कीं भांडण?” प्रश्न त्राग्याचा असला तरी रास्त आहे, आणि त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे.

नातू ऐकतो त्या संगीताचें नांव थ्रॅश मेटल. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोंवतालच्या शहरांत, तें आकारास आलें. मेटॅलिका या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९८३ सालीं निघाली. हीच मंडळी ३० ऑक्टोबर २०११ रोजीं बंगळूर येथें येऊन गाऊन गेली. या संगीतांत गिटारच्या तारा तळहाताच्या कडेनें किंचित् दाबून इतक्या वेगानें छेडतात, कीं स्वरापेक्षां आघातच अधिक जाणवतो. ड्रमवाला हातांबरोबर दोन्ही पायही चालवितो, आणि गायक गातो त्यापेक्षां गर्जतोच अधिक. प्रेमाची आळवणी येथें क्वचित्. अणुयुद्धाची भीति, सत्तेचा अन्याय, ढोंग आणि मृत्यु हेच नेहमींचे विषय.

या पंथांतील एका जुन्या बँडची हकीकत घरांतील वडील मंडळींनीं अवश्य ऐकावी. बर्कले येथें १९८३ सालीं ‘लेगसी’ या नांवानें निघालेला हा बँड पुढें ‘टेस्टामेंट’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा गायक चक बिली हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं पोमो जमातीच्या वंशांतला. त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याचें नांव ‘प्रॅक्टिस व्हॉट यू प्रीच’, म्हणजे लोकांस जो उपदेश करतां तो आधीं स्वतः आचरा, असें आहे. आजोबांना यांत आक्षेप घेण्याजोगें कांहीं सांपडेलसें वाटत नाहीं! पुढें मंडळींत फाटाफूट झाली. ॲलेक्स स्कोल्निक हा त्यांचा कसलेला गिटारवादक १९९२ सालच्या सुमारास बाहेर पडला आणि न्यूयॉर्कला जाऊन जॅझ संगीताचा रीतसर अभ्यास करूं लागला. अशांतच २००१ सालीं चक बिलीच्या छातींत कर्करोगाची गांठ असल्याचें निष्पन्न झालें.

आपल्याकडे नाटकमंडळ्यांत अडचणींत सांपडलेल्या नटासाठीं ‘बेनिफिट’चा प्रयोग लावीत. तसाच एक जलसा ११ ऑगस्ट २००१ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. जुने स्पर्धक बँड एका रंगमंचावर आले. दहा वर्षांपूर्वीं मोडलेला ‘डेथ एंजल’ त्या दिवसासाठीं पुन्हां उभा राहिला. चक बिली उपचारांनीं बरा झाला. ८ मे २००५ रोजीं लंडनमधील ‘कोको’ या १९०० सालीं बांधून उघडलेल्या नाट्यगृहांत स्कोल्निकसह जुनी मंडळी पुन्हां एकत्र जमली. ड्रम वाजविण्याचें काम लुई क्लेमेंटी व जॉन टेम्पेस्टा या दोघांनीं वांटून घेतलें. त्या रात्रीच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका म्हणजेच ‘लाइव्ह इन लंडन’.

अशा प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणाचें महत्त्व आपल्या रसिकांना निराळें सांगावयास नको. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत; तेवढ्यांत आटोपलेला राग आणि रात्रीच्या मैफलींत फुललेला राग यांतील अंतर घराघरांतील श्रोते जाणतात. मुद्रणगृहांत एकच ओळ दहा वेळां गाऊन त्यांतील उत्तम ती निवडतां येते. रंगमंचावर तसें नाहीं. चुकलें तें चुकलें. दम लागला तर तो ऐकूं येतो. कित्येक मुद्रिकांत मागाहून डागडुजी होते, म्हणून ‘लाइव्ह’ या शब्दावरच विसंबून चालत नाहीं, हें खरें. परंतु चार वर्षांपूर्वीं ज्या छातींत मरण दडून बसलें होतें, त्याच छातींतून निघालेली गर्जना श्रोत्यांच्या कल्लोळासह ऐकतांना, ही नुसती आरडाओरड आहे असें कोण म्हणेल?

राहिला प्रश्न संतापाचा. शांतरसाइतकाच वीररस व रौद्ररसही आपल्या साहित्यशास्त्रानें रस म्हणून मानला आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह केला. पुढें त्यांचा संदेश गांवोगांव नेला तो आंबेडकरी जलशांनीं. अन्याय सोसलेल्या माणसाचा सूर गोडच असावा, हा आग्रह ऐकणाराच्या सोयीचा असतो.

तथापि दोन गोष्टी तरुणांनींही ध्यानांत घ्याव्या. पोवाड्यांत शब्द ठसठशीत कळतो. थ्रॅशमध्यें तो गोंगाटांत बुडतो, आणि कांहीं बँडचे शब्द बीभत्सही असतात. तेव्हां जें ऐकतां त्याचा अर्थ घरांतल्यांना सांगतां आला पाहिजे. दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० वर गेला, तर ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी, कीं नातवानें कानांतील यंत्र काढून एखादें गाणें बेताच्या आवाजांत सर्वांदेखत लावावें व त्याचा अर्थ सांगावा. आणि आजोबांनीं त्यानंतर सिंहगडाचा पोवाडा लावून त्यास तो समजावून द्यावा. आवडनिवड एक होणार नाहीं, आणि तशी व्हावयास पाहिजे असेंही नाहीं. पण ज्या घरांत एकमेकांचें गाणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें जातें, तेथें एकमेकांचें बोलणेंही ऐकून घेतलें जातें. आणि एकत्र कुटुंबाला आज त्याची उणीव अधिक जाणवते.