शरदाचे अंगण

आश्विन लागला की आकाशाचा रंग पालटतो. चार महिने मळभलेले नभ एकाएकी धुऊन काढल्यासारखे निर्मळ दिसू लागते. दुपारचे ऊन मात्र अंगाला चटके देते. आपल्या आयुर्वेदाने शरद हा पित्तप्रकोपाचा काळ मानला आणि त्यावर मधुर, शीतल आहार सुचवला. कोजागरीच्या चांदण्यात दूध आटवून पिण्याची आपली चाल या विचाराशी किती जुळती आहे, हे सांगावयास नकोच. ऋतू, अन्न आणि सण यांची ही सांगड सर्वत्रच दिसते; परंतु आपली भूमी सोडून दूर जाऊन राहिलेल्या कुटुंबात ती विशेष लक्षात येते. कारण तेथे सण आपला असतो, आणि धान्य मात्र त्या भूमीचे असते. अशा कुटुंबांचे उदाहरण म्हणून आज आपण छत्तीसगडातील रायपूरकडे पाहू.

रायपूरचा आणि मराठी माणसाचा संबंध कालपरवाचा नव्हे. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी छत्तीसगडवर स्वारी केली. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहू लागले. मराठी भाषा आणि मोडी लिपी यांचा येथील दप्तरात प्रवेश त्यांच्याच काळात झाला. इतकेच नव्हे, तर दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चालही त्यांनीच येथे रुजवली, असे छत्तीसगडच्या इतिहासग्रंथांतून सांगितले जाते. राज्ये गेली, 1956 साली प्रांतांची फेररचना झाली, 2000 साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. तरी तात्यापाऱ्यासारख्या वस्तीतून मराठी घरे अजून नांदत आहेत. बाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि घरात मराठी अशा तीन बोलींत तेथील मूल वाढते. या तिन्हींत घरातली बोली सर्वांत आधी थकते. ती टिकवण्याची जागा शाळेपेक्षाही स्वयंपाकघर ही आहे, असे मला वाटते. आणि ते का, हे आता दोन-चार पदार्थांच्या आधारानेच सांगतो.

पहिले कोजागरीचे दूध. एक लिटर दूध मंद आचेवर पाऊण होईतो आटवावे, त्यात पाच-सहा चमचे साखर, वेलदोडा, चिमूटभर जायफळ, दुधात खललेले केशर आणि बदाम-पिस्त्यांचे काप घालावे. शेवटी मूठभर चारोळी. या चारोळीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या घरात ती वाण्याच्या पुडीतून येते. परंतु तिचे एक मोठे माहेर छत्तीसगडची अरण्ये आहेत. ऐन उन्हाळ्यात तेथील आदिवासी कुटुंबे चार नावाच्या झाडाची फळे वेचतात, त्यांतील बिया वाळवून फोडतात, तेव्हा हा इवलासा दाणा हाती येतो. म्हणजे आपण ज्याला अस्सल मराठी मसाला-दूध म्हणतो, त्यात छत्तीसगड कितीतरी आधीपासून उतरलेला आहे! रायपूरची शेजारीण त्याच रात्री तांदळाची खीर चांदण्यात ठेवते. चंद्र एक, दूध एक. भेद फक्त तांदळाच्या चार दाण्यांचा.

दुसरा पदार्थ अनारसा. जुना तांदूळ घ्यावा. नवा तांदूळ चिकट होतो. तो तीन दिवस भिजत ठेवावा आणि पाणी रोज बदलावे. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरावा, ओलसर असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळावा. पिठाच्या वजनाइतका किंवा किंचित कमी गूळ किसून त्यात मळावा आणि तो गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यावा. मग खसखशीवर लहान पुरी थापावी, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडावी आणि न उलटता झाऱ्याने वरून तूप उडवीत तळावी. भिजण्यात आलेला हलका आंबटपणा आणि मुरलेला गूळ यांतून ती सुरेख जाळी उमटते. गूळ अधिक झाला तर पुरी तुपात विरघळून पसरते. आपल्या बायका त्याला ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. अशा वेळी निराश होऊ नये. उरल्या गोळ्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळावे, म्हणजे हसू आवरते.

आता नवल पाहा. छत्तीसगढी घरातही याच सुमारास ‘अइरसा’ तळला जातो. तांदूळ तोच, गूळ तोच. परंतु तेथील गृहिणी तांदूळ एक रात्र भिजवते आणि गुळाचा पाक करून त्यात पीठ घालते. आपण जे आठ-दहा दिवस वाट पाहून साधतो, ते ती पाकाच्या परीक्षेने साधते. दोन्ही नावे जवळची, दोन्ही हात निष्णात. एकाच गल्लीत दोन्ही प्रकारांची ताटे रुमालाखाली झाकून इकडून तिकडे जातात, तेव्हा कोणाचा पदार्थ मूळचा हा वाद कोणी घालीत बसत नाही.

ज्यांना इतका खटाटोप जमत नाही, त्यांच्यासाठी ‘फरा’ आहे. दोन वाट्या तांदळाच्या पिठात एक वाटी मऊ शिजलेला भात आणि मीठ घालून कोमट पाण्याने मळावे. बोटाएवढ्या वळ्या कराव्या, मोदकपात्रात पंधरा मिनिटे वाफवाव्या, आणि मोहरी, तीळ, हिरवी मिरची व कढीलिंब यांच्या फोडणीत परताव्या. उकडीचे मोदक वळणाऱ्या हाताला हे काम नवे वाटत नाही. आदल्या दिवशीचा भातही त्यात सार्थकी लागतो.

खाण्याबरोबर हातांनाही काम हवे. आणि शरदात ते काम अंगणच देते. विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. छत्तीसगडात कार्तिकाच्या आरंभी स्त्रिया टोपलीत धान घालून त्यावर मातीचा पोपट बसवतात आणि भोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर सुवा-गीते गातात. रायपूरच्या मराठी मुलीला दोन्ही फेर पाहावयास मिळतात, ही तिची श्रीमंतीच होय.

याच दिवसांतली एक सोपी कला कोणत्याही घरात करता येईल. शेतात धान पिकले की त्याच्या लोंब्यांची झालर गुंफून दाराशी टांगतात. तिला कोणी ‘फाता’ म्हणतात, कोणी ‘चिरई-चुगनी’, म्हणजे पाखरांनी टिपावयाची वस्तू. लांब दांड्याच्या लोंब्या निवडाव्या, दांडे तुटू नयेत म्हणून थोडा वेळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे, आणि तीन पेडांची वेणी घालीत प्रत्येक वळणावर नवी लोंबी गुंतवीत जावे. दाणे खाली लोंबू द्यावे. दोन्ही टोके बांधली की तोरण झाले. आपल्या दारी झेंडूचे आणि आंब्याच्या पानांचे तोरण असतेच. त्याशेजारी हेही शोभते. भेद इतकाच, की हे तोरण सुकून फुकट जात नाही. चिमण्या येतात, एकेक दाणा टिपतात, आणि काही दिवसांनी दारावर उरतो तो नुसता पेंढा. घरात आलेल्या नव्या धान्याचा पहिला वाटा पाखरांचा, ही शिकवण मुलाला त्याहून सोप्या रीतीने कशी देता येईल?

श्रोतेहो, परप्रांती राहणाऱ्या घरापुढे दोन मोह असतात. एक, सारे जुने तसेच्या तसे जपण्याचा. त्यात हळूहळू घर कोंडते. दुसरा, सारे सोडून देण्याचा. त्यात घर पुसले जाते. शरदाचे अंगण तिसरी वाट दाखवते. साहित्य भूमीकडून घ्यावे, शब्द मात्र आपले राखावेत. धान छत्तीसगडचे असो, चारोळी तेथल्या रानातली असो. पण कढईशी उभे असलेले मूल ‘अनारसा हसला!’ म्हणून ओरडले, तर ती भाषा आणखी एक पिढी पुढे गेली असे समजावे. हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तो तुपाच्या वासाबरोबरच कानी पडावा लागतो. म्हणून या आश्विनात मुलांना स्वयंपाकघराबाहेर घालवू नका. त्यांचे हात पिठात माखू द्या, दोन अनारसे बिघडू द्या, आणि ते बिघडले कसे हे त्यांना आपल्या भाषेत सांगा.